खाट, ताट आणि एसटीचा पास

पावसाळ्यातली संध्याकाळ होती. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीची बस अडकलेली, आणि धाकट्या चुलतबहिणीचा फोन आला.

"दादा, लागला नंबर. पुण्यात. कॉम्प्युटरच."

बातमी आनंदाची, पण आवाज दबका होता. मी अभिनंदन केलं, ब्रँच चांगली आहे म्हणालो. तिला ते ऐकायचंच नव्हतं. तिचे प्रश्न वेगळेच होते. "राहायचं कुठं? मेसचं काय? सगळं मिळून महिन्याला किती लागतील? तात्या म्हणतायत, बारामतीत काय वाईट आहे?" सीट फ्रीज करायला तीन दिवस होते.

आमचं गाव पणदरे. नीरा-बारामती रस्त्यावरचं, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचं, उसाचं. बारामती इथून एसटीनं अर्ध्या तासावर. तात्या म्हणजे माझे चुलते. पोरीनं शिकू नये असं त्यांचं अजिबात म्हणणं नव्हतं. शासनाच्या २०२४च्या निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली होती, त्यामुळे फीचाही प्रश्न नव्हता. अडलं होतं ते खाटेवर आणि ताटावर.

त्या रात्री मी तिला उत्तरं लिहायला बसलो आणि एक गोष्ट लक्षात आली. हेच प्रश्न मी २०१५ साली विचारले होते. तात्यांनी त्यांच्या काळी विचारले होते. आत्यानं विचारले होते आणि तिथंच तिचं पुणं राहिलं. शाळा-कॉलेजं कुणी काढली याचा इतिहास आपण पुस्तकात वाचतो. पण पोरगं शहरात गेल्यावर रात्री कुठं झोपलं आणि काय जेवलं, हा इतिहास फारसा कुणी सांगत नाही. मला वाटतं, आपल्याकडे कोण शिकलं आणि कोण राहिलं, हे ठरवलं त्यानंच.

कॉलेज म्हणजे आधी खोली

थोडं लांबून सुरू करतो. ११८० साली जेरुसलेमहून परतलेल्या जोसियस नावाच्या लंडनच्या माणसानं पॅरिसमधल्या एका धर्मादाय रुग्णालयातली एक खोली विकत घेतली आणि अठरा गरीब विद्यार्थ्यांच्या झोपण्याची सोय केली. तिचं नावच पडलं 'अठरा जणांचं कॉलेज'. पॅरिसमधलं हे सगळ्यात जुनं कॉलेज. तिथं शिकवायचे नाहीत, शिकायला पोरं बाहेर जायची. १२५७च्या सुमारास रोबेर द सोर्बोन यानं गरीब विद्यार्थ्यांसाठी असंच राहण्याचं ठिकाण काढलं. त्याच्याच नावावरून पुढं सोर्बोन हे नाव जगभर गेलं. म्हणजे कॉलेज ही मुळात राहायची जागा होती. वर्ग नंतर आले.

आता एक शब्द घ्या, जो इंजिनिअरिंगच्या प्रत्येक पोराला स्वतःच्या नावाइतका पाठ असतो: एटीकेटी. 'अलाउड टू कीप टर्म्स'. विषय राहिले तरी टर्म 'ठेवायला' परवानगी. टर्म ठेवणं म्हणजे काय, असा प्रश्न चार वर्षांत मला एकदाही पडला नव्हता. विलायतेत टर्म ठेवणं म्हणजे ठरलेल्या मुदतीत तिथं हजर असणं, राहणं. लंडनमध्ये बॅरिस्टर होणाऱ्यांसाठी तर टर्म ठेवणं म्हणजे चक्क जेवणं. तिथल्या 'इन'मध्ये एका टर्मला ठरावीक वेळा पंगतीला बसलं की टर्म भरली. गांधीजींनी आत्मकथेत हे गमतीनं सांगितलं आहे. टर्मला साधारण चोवीस जेवणं असत, त्यातली निदान सहा खावी लागत. आपल्या मार्कशीटवर छळणाऱ्या शब्दाची मुळं अशी ताटापर्यंत जातात.

आपल्याकडे मात्र शब्द आला, ताट आलं नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. म्हणजे परीक्षा घेणारं आणि पदवी देणारं. पहिली कित्येक वर्षं ते स्वतः शिकवतही नव्हतं. काही कॉलेजांना वसतिगृहं होती, पण खोल्या थोड्या आणि परवडणारे त्याहून थोडे. बाकीच्यांनी पेपर लिहायला यावं. ते रात्री कुठं झोपले, हा विद्यापीठाचा प्रश्न नव्हता. तो समाजावर सोडलेला होता, आणि समाज म्हणजे जात.

वार लावलेली पोरं

गरीब ब्राह्मण मुलांसाठी पुण्यासारख्या शहरांत एक जुनी सोय होती: वार लावून जेवणं. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, अशी सात घरं धरायची. ज्याचा एखादा वार रिकामा, तो त्या दिवशी माधुकरी मागायचा किंवा उपाशी राहायचा. त्यात अपमान होता, अर्धपोटी रात्री होत्या. तरीही ती एक व्यवस्था होती आणि तिच्या जोरावर अनेक जण शिकले.

पण वार लावायला आधी कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या जवळपास जाता यायला हवं. कुणब्याच्या, धनगराच्या, मुसलमानाच्या पोराला ही सोय नव्हती. महार-मांगाच्या पोराला तर गावातल्या विहिरीचं पाणीही नव्हतं. हुशारी, मार्क हे सगळं पुढचं. आधी पंगत.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी नेमकं हे ओळखलं. १८९६ साली सगळ्या जातींच्या मुलांसाठी म्हणून वसतिगृह काढून पाहिलं, पण ब्राह्मणेतर मुलं तिथं टिकेनात. मग १९०१मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह आलं. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यावरून. जातवार बोर्डिंगांवर आज टीका करणं सोपं आहे आणि ती थोडी खरीही आहे, कारण त्यामुळे जात तशीच राहिली. पण शाळा सगळ्यांना उघडी करूनही पोरं येत नाहीत, कारण त्यांना शहरात रात्र काढायला जागा नाही, हे राज्यकर्त्यानं ओळखणं ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

याच कोल्हापुरात एका मेसमध्ये एक भांडण झालं, आणि त्याचा परिणाम पुढं अख्ख्या पश्चिम महाराष्ट्रावर झाला. जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील नावाचा एक दांडगा मुलगा राहत होता. सांगतात ते असं: मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला तो गेला. परत आल्यावर आंघोळ करून, 'शुद्ध' होऊनच जेवायला बसायचं, असं त्याला सांगण्यात आलं. त्यानं नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं.

ताटावरून उठवलेल्या या मुलानं पुढं आयुष्यभर ताटं मांडली. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली ती साताऱ्याला आली. तिथल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ साली गांधीजी तिथं येऊन गेले आणि त्यांच्या हस्ते त्याचं श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नामकरण झालं. घरात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीनं, दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. साताऱ्याच्या प्रत्येक शाळकरी पोराला ही गोष्ट माहीत असते. आपण ती त्यागाची गोष्ट म्हणून ऐकतो. मला आता ती मेसच्या हिशोबाची गोष्ट वाटते. इतकी तोंडं, इतके दिवस, इतकं धान्य. कमी पडलं ते कुठून तरी भरायचं होतं. भरलं एका बाईनं.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तिथं 'कमवा आणि शिका' हा रिवाज झाला. मुलांनी काम करायचं आणि त्यावर स्वतःचं शिक्षण चालवायचं. आज पुणे विद्यापीठात कमवा व शिका योजना आहे ती भाऊरावांच्याच नावानं. बागेत, ग्रंथालयात, ऑफिसात तासाच्या हिशोबानं काम करणारी पोरं तुम्ही पाहिली असतील, कदाचित तुम्हीही त्यातलेच असाल.

पदवी आहे, खोली नाही

खोलीचा प्रश्न पदवीनं सुटतो असंही नाही. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती होती महिन्याला साडेअकरा पौंड, आणि त्यातले पैसे वाचवून घरीही पाठवायचे. न्यूयॉर्कमध्ये त्यांना शिवाशिवीविना राहायला मिळालं. नंतर लंडनमध्ये अर्धपोटी राहून त्यांनी अभ्यास केला. ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले. म्हणजे वर सांगितलेल्या पंगतीत तेही बसले.

पण मधल्या काळात, १९१७ साली, ते शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला आले. कोलंबियातलं शिक्षण, संस्थानात मोठं पद, आणि राहायला जागा नाही. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढलं. त्यांनीच हे पुढं लिहून ठेवलं आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेनं सुरुवातीच्या कामांत १९२५ साली सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह काढलं, याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही. ज्या माणसाला रस्त्यावर काढलेलं असतं, त्याला शिक्षण कुठं अडतं हे सांगावं लागत नाही.

मुलींच्या बाबतीत तर हे आणखी उघड आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम सुरू केला आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला, एका झोपडीत नेला. महिला विद्यापीठ आलं १९१६ साली. हा क्रम बघा. आधी मुलींना निर्धास्त राहता येईल अशी जागा, मग शाळा, वीस वर्षांनी विद्यापीठ. उलट्या क्रमानं ते झालंच नसतं. शिकवणारे मिळाले असते, पण पोरीला रात्री ठेवायचं कुठं यावर घरोघरी गाडं अडलं असतं. जसं आमच्या घरी तात्यांचं अडलं होतं.

कालव्याकाठची गोष्ट

आता आमच्याकडे येतो.

पणदऱ्याचा पट्टा कालव्यानं घडवला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भाटघरच्या धरणाचं पाणी नीरा डाव्या कालव्यातून इकडं आलं. तो दुष्काळी भागातला कालवा. पाण्यामागून ऊस आला, गुळाची गुऱ्हाळं आली आणि १९५०च्या दशकात शेजारी माळेगावला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसाच्या बिलाबरोबर घरात रोख पैसा दिसायला लागला. पैसा आला की पोरं शिकतील असं वाटतं. पण शिकायचं तर पुणं, आणि पुणं म्हणजे परत तेच दोन प्रश्न.

पुणे विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं. गणेशखिंडीतली, एके काळी गव्हर्नर राहायचा ती इमारत आणि पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर. त्यानंतर दहा वर्षांनी, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांना फीमाफी मिळाली. लवकरच तिची मर्यादा वर्षाला बाराशे रुपये उत्पन्नाची झाली. जुनी माणसं आजही 'ईबीसीवर शिकलो' असं म्हणतात ती हीच सवलत. तिनं फीचा अडथळा काढला. खाट-ताटाचा तसाच राहिला. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली ती याच पोकळीत. गावाकडून आलेल्या मुलांना स्वस्तात राहायचं आणि जेवायचं ठिकाण. तिथं पोरांनी कामंही करायची.

पण हजारो घरांसाठी प्रश्न वेगळ्याच रीतीनं सुटला. १९६२ साली बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झालं. १९७२ साली विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली. पोरानं शहरात जायच्या ऐवजी कॉलेजच तालुक्याला आलं. खाट घरची, ताट घरचं, लागायचा फक्त पास. एसटीची पहिली गाडी १९४८च्या जूनमध्ये पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. विद्यार्थ्यांच्या मासिक पासाला एसटी ६६.६७ टक्के सवलत देते, म्हणजे तिकिटाचा एक तृतीयांश खर्च. माझ्या मते ग्रामीण महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी शिष्यवृत्ती हीच. तिच्यासाठी मार्क लागत नाहीत, मुलाखत लागत नाही, आणि सकाळी सातची गाडी गाठता आली की झालं.

माझी आत्या या पासावर शिकली. १९९२ साली तिला बारावी सायन्सला चांगले मार्क पडले. पुण्यात बी. फार्म करायचं तिच्या मनात होतं. तात्या तिच्याहून दोन वर्षांनी मोठे. ते त्याआधीच पुण्यात डिप्लोमाला होते, हडपसरला एका पाहुण्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत चौघांबरोबर राहत होते. तिथं पाचवा मुलगा झोपला असता. मुलगी कशी झोपणार? आजोबांनी तिचे मार्क पाहिले, कौतुक केलं आणि विचारलं, "राहणार कुठं? जेवणार काय?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. नाही असं कुणी म्हणालं नाही. नुसतं उत्तर मिळालं नाही.

ती बारामतीत बीएस्सी झाली, बी. एड. करून शिक्षिका झाली. तिच्याबद्दल कुणी हळहळलेलं तिला आवडत नाही. "माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरी बारावीनंतर लग्नाला बसल्या. मी पासवर पदवीधर झाले," असं ती म्हणते. तिचं खरं आहे. बारामतीचं कॉलेज म्हणजे तिची हार नव्हती. पण जवळचं कॉलेज ही निवड असणं वेगळं आणि तेवढाच एक रस्ता असणं वेगळं.

कॉट बेसिस

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत राज्यभर कॉलेजं उगवली, आमच्या माळेगाव-बारामतीतही इंजिनिअरिंग आलं. सीटा वाढल्या, पण पुण्यात त्या वेगानं वसतिगृहं वाढली नाहीत. मधली जागा भरली खासगी खोल्यांनी, आणि मराठीला एक नवा शब्दप्रयोग मिळाला: कॉट बेसिस. खोली भाड्यानं मिळत नाही. खोलीतली एक खाट मिळते.

२०१५ साली माझ्या खाटेचं भाडं महिन्याला २२०० होतं. एका खोलीत पाच जण, एक खिडकी, आणि ती उघडली की शेजारच्या बिल्डिंगची भिंत. मेसचे २०००. डिपॉझिट दोन महिन्यांचं, ते आजपर्यंत परत आलेलं नाही. मी पावती मागितली नव्हती. पहिल्या सेमिस्टरला एम-वनची भीती होती, पण खरी भीती होती रविवारच्या रात्रीची. रविवारी दुपारी मेसवाले गोड करतात आणि रात्री मेस बंद. महिन्याच्या शेवटच्या रविवारी खिशात वडापावपुरते पैसे असायचे. आई गावाकडून शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीच्या कडक भाकरी पाठवायची. त्या मी रविवारसाठी ठेवायचो. मला पहिल्या वर्षी दोन विषयांत एटीकेटी लागली. त्याचं खापर मी भुकेवर फोडणार नाही, आळसही होताच. पण ज्यांच्या घरची खाट आणि घरचं ताट पुण्यातच होतं, त्यांच्यापेक्षा माझा दिवस रोज दोन-तीन तासांनी लहान असायचा, हेही खरं. पाणी भरणं, मेसची रांग, कपडे, बस. हे तास मार्कशीटवर कुठंच दिसत नाहीत.

म्हणून 'आता तर फी माफ आहे, शिकायला काय जातंय' असं कुणी म्हणालं की मला गप्प बसवत नाही. फी ही प्रवेशाची किंमत आहे. टिकून राहायची किंमत वेगळी आहे आणि ती रोज सकाळ-संध्याकाळ द्यावी लागते.

शासनाला हे कळत नाही असंही नाही. २०१६-१७ पासून अनुसूचित जातीच्या, वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसाठी तिची रक्कम ठरली वर्षाला ६०,००० रुपये. त्यात भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आली. सुरुवातीला मोठ्या शहरांत महिन्याला ३,००० असे दहा महिने, नंतर ती रक्कम वाढली. शंभर वर्षांपूर्वी जे शाहू महाराजांना आणि लक्ष्मीबाईंना दिसलं होतं, ते आता सरकारी फॉर्मवर आलं आहे. हे थोडं नाही. पण दहा महिन्यांवर भागलं तर स्वाधारचे निवासाचे २०,००० म्हणजे महिन्याला दोन हजार. पुण्यात आज तेवढ्यात खाट शोधून दाखवा. शिवाय भत्ता मागाहून येतो आणि डिपॉझिट आधी द्यावं लागतं. भूक काही पोर्टलच्या तारखा बघून लागत नाही. माझं मत विचाराल तर नवीन कॉलेजाला परवानगी देताना 'वर्ग किती, लॅब किती' याच्या जोडीला 'खाटा किती' हा प्रश्न सक्तीचा हवा. पॅरिसमध्ये तो ११८० साली सुचला होता.

बहिणीला जे लिहून पाठवलं

त्या रात्री तिला व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं इथं देतो. कुणाच्या तरी कामाला येईल.

एक, सरकारी वसतिगृहाचा आणि कॉलेजच्या होस्टेलचा अर्ज आजच भर. सीट फ्रीज झाल्यावर बघू म्हणणारे यादीत खाली जातात.

दोन, उत्पन्नाचा दाखला, अल्पभूधारकाचा दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं तयार ठेव. भत्ता मिळेल तेव्हा मिळेल, पहिले चार महिने घरच्या पैशांवर काढायचे असं धरून हिशोब कर.

तीन, खासगी खोली बघायला संध्याकाळी जा, दुपारी नको. संध्याकाळी पाणी आहे का, जिन्यात दिवा लागतो का, रस्त्यावर वर्दळ असते का, हे कळतं. डिपॉझिटची पावती घे. पावती देत नसतील तर खाटही घेऊ नको.

चार, मेसचे वर्षाचे पैसे एकदम भरू नको, महिन्याचे भर. आधी दोन दिवस गेस्ट ताट घेऊन बघ. गावी आलीस तर खाडा धरतात का, ते विचार.

पाच, स्वस्त पण लांबची खोली महाग पडते. रोजचे दोन तास गेले तर चार वर्षांचा हिशोब कर.

सहा, पहिल्या महिन्यात रडू येईल. परत यावंसं वाटेल. शनिवारची एसटी पकडून ये, जेव, झोप आणि सोमवारी परत जा. यात कमीपणा नाही.

तात्यांना हे सगळं तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन केला. आधी माळेगावच्या कॉलेजची चौकशी केली, बारामतीतल्या प्लेसमेंटचं विचारलं. मी सरळ सांगितलं की इथंही चांगलं शिकता येतं, मी पुण्याचा आग्रह धरत नाही. तिला काय हवंय ते तिला विचारा, एवढंच म्हणालो. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "रात्री तुझी आत्या आली होती. काही बोलली नाही. नुसती चहा पिऊन गेली. जाताना एवढंच म्हणाली, 'दादा, या वेळी उत्तर शोध.'"

तिसऱ्या दिवशी सीट फ्रीज झाली. सरकारी वसतिगृहाची यादी अजून लागायची होती. माझ्या एका बॅचमेटची बहीण तिच्या खोलीत दोन महिन्यांपुरती जागा करायला तयार झाली. त्यापुढचं त्यापुढं.

निघायच्या आदल्या रात्री तात्यांचा परत फोन. मला वाटलं, विचार बदलला.

"अरे, ते मेसचं विचारायचं राहिलं," ते म्हणाले. "रविवारी रात्री बंद असते म्हणतोस. मग पोरगी जेवणार काय?"